बायसाठी अंगण

पणजीत मुलांना खेळायला जागा नाही, असे कुणी म्हटले तर ते खरे वाटणार नाही. २०११ च्या जनगणनेत जेमतेम चाळीस हजार वस्ती भरलेले हे शहर. एका अंगाला मांडवी, टोकाला मिरामारची वाळू, मध्ये आल्तिनोचा डोंगर, चर्चच्या चौकात जुनी बाग आणि कांपालला नदीकाठी तर बागांची रांगच. मुंबईचे पाहुणे येतात आणि म्हणतात, "तुमची मजा आहे बुवा!" मजा आहेच. आठ वर्षांच्या मुलाची आहे, कॉलेजातल्या पोरापोरींची आहे, आणि सकाळी पांढरे बूट घालून भराभर चालणाऱ्या निवृत्त साहेबांची तर फारच आहे. पण ज्याला नुकतेच चालता येऊ लागले आहे, पायरी दिसली की जो पुन्हा चार पायांवर येतो, आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून मग ती काय असावी याचा विचार करतो, अशा माणसाला या शहरात कुठे सोडायचे?

हा प्रश्न मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पडला. लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा. माझ्या बरोबरीच्यांची मुले बारावीला पोचली, ते इंजिनियरिंगच्या जागांची चौकशी करतात आणि मी जागेची चौकशी करतो ती घसरगुंडीच्या! घरात लेकीला सगळे 'बाय'च म्हणतात. आम्ही राहतो सांतिनेजला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. बायको बँकेत, तिला घरी यायला सात-साडेसात. दिवसभर बाय शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंच्या पाळणाघरात असते. माझे ऑफिस पावणेसहाला सुटते. म्हणजे सहा ते साडेसात हा दीड तास बायचा आणि माझा.

दीड तास म्हणजे फार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसाला निदान १८० मिनिटे हालचाल करावी असे आहे, दिवसभरात विखुरलेली. वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन वर्षांच्या मुलाला तासाभरापेक्षा जास्त नको. १८० मिनिटे! आमच्या खोल्यांत दिवाण, टीव्हीचे टेबल, कपाट आणि कपड्यांचा स्टँड वजा केला तर जी फरशी उरते तिच्यावर बाय नऊ पावले चालते आणि भिंत येते. (मोजली आहेत. कारकुनाला मोजायची सवय असते.) भिंत आली की ती वळते, पुन्हा नऊ पावले. बघायला गंमत वाटते, पण चार दिवस बघितले की वाटेनाशी होते.

माझ्या आईकडे या सगळ्याचे उत्तर तयार होते. आमचे गाव साखळीच्या पलीकडे. घर जुने, मातीच्या भिंतींचे, पुढे सोपा आणि सोप्याच्या पुढे अंगण. आई म्हणाली, "तिका हांगा दवर. आंगण आसा, हांव आसां, आनी कितें जाय?"

आता अंगण म्हणजे काय ते गोव्याच्या वाचकाला मी सांगावे असे नाही, पण बायच्या निमित्ताने मी ते नव्याने पाहिले. गणेशचतुर्थीला आम्ही चार दिवस गावी होतो. पहिल्याच सकाळी बायला सोप्यावर घेऊन बसलो होतो तर आई म्हणाली, "तिका सकयल सोड रे, आपशींच चलतली." सोडली. आणि खरेच, जी घरात नऊ पावलांनी वळायची ती तुळशीवृंदावनापर्यंत गेली, तिथे वृंदावनाचा कठडा धरून उभी राहिली, मग त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. पडली दोनदा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडण्याचा आवाज वेगळा असतो, आणि त्यावर रडायचे की नाही याचा निर्णय मूल वेगळा घेते. बाजूला चूल पेटवायची चुडते रचलेली, त्यांतले एक ओढून ती ते झाडूसारखे फिरवू लागली. कुणी तिला खेळायला काही दिले नव्हते. आणि मुख्य म्हणजे कुणी तिच्याकडे बघतही नव्हते, म्हणजे सगळेच बघत होते. आई नारळ किसता किसता, काकी माटोळीचे सामान निवडता निवडता, मी पेपर वाचता वाचता. चार जणांच्या चार अर्ध्या नजरा मिळून एका मुलावर दोन पूर्ण नजरा होतात. फ्लॅटमध्ये एकच नजर असते आणि तिला शिवाय कुकरची शिट्टी मोजायची असते.

म्हणजे प्रश्न सुटला म्हणायचा? बायको त्या रात्री काही बोलली नाही. पणजीला परत येताना कदंबात बसल्यावर बोलली. "शनिवार-रविवार आपण तिला भेटायला जाणार. पाहुणे म्हणून. आणि ती रडेल तेव्हा आईंकडे जाईल, माझ्याकडे नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण चतुर्थीच्या चार दिवसांत मीही एक गोष्ट पाहिली होती. चतुर्थी संपली, मुंबई-पुण्याचे आणि वास्को-मडगावचे सगळे आपापल्या गाड्यांत बसून गेले, आणि पाचव्या दिवशी वाड्यावर बायच्या वयाचे एकही मूल उरले नाही. एकही! अंगणे होती, एकाला लागून एक, सारवलेली. मुले नव्हती. मी ज्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पाटी घेऊन गेलो तिच्या दाराला पटसंख्येअभावी कुलूप लागून काही वर्षे झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) गोव्यात एका स्त्रीमागे सरासरी १.३ मुले निघाली. या आकड्याचा अर्थ ऑफिसात बसून कळत नाही, वाड्यावरून एक चक्कर मारली की कळतो.

गावाबद्दल हळवे व्हायचेही कारण नाही. २०१२ साली खाणी बंद होण्याआधी आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे आणि आईचे अंगण दिवसातून तीनदा झाडले तरी लाल असायचे. तुळशीची पाने पुसावी लागत. तेव्हा बाय असती तर तिला अंगणात सोडा असे आईसुद्धा म्हणाली नसती. शिवाय पावसात साप, परसात विहीर. तरीही अंगण ते अंगण, हे मान्यच.

तर असे झाले. गावात अंगण आहे, मुले नाहीत. शहरात मुले आहेत, अंगण नाही. बायचा मुक्काम कुठे ठरवायचा ते या दोन्हींमधले आपल्याला काय मिळवता येते त्यावर होते. आईला म्हटले, मे महिन्यापर्यंत बघतो. आणि शोध सुरू केला.

पहिली अर्थातच चर्चच्या चौकातली बाग. गार्सिया द ओर्तच्या नावाची ही बाग १८५५ ची. सोळाव्या शतकात गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा हा वैद्य, तो ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मधल्या स्तंभावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. बायला या इतिहासाशी कर्तव्य नाही. तिला तिथली पायवाट आवडली, कारण ती वळते. आणि बाकांवरचे म्हातारे आवडले. त्यांतले एक रोज काठी घेऊन येतात, ती तिला धरू देतात. बाग चांगलीच आहे. अडचण एवढीच की सांतिनेजहून तिथे पोचेपर्यंत, स्कूटर उभी करायला जागा मिळेपर्यंत, साडेसहा होतात. डिसेंबरात पणजीचा सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. दिव्यांच्या उजेडात बागेत बसायला छान वाटते, पण दीड वर्षाच्या मुलाला आपली सावली पायांतून चार दिशांना पसरलेली दिसते आणि ते तिच्यावर पाय द्यायला घाबरते. हे मला माहीत नव्हते, बायकडून कळले.

कांपालला आम्ही रविवारी जाऊ लागलो. तिथले मोठमोठे पर्जन्यवृक्ष ज्यांनी लावले त्यांना दुवा द्यावा. भर एप्रिलात त्यांच्याखाली गारवा असतो. पण बालोद्यान म्हटले की, पणजीचे असो, फोंड्याचे असो वा म्हापशाचे, त्यातला 'बाल' पाच वर्षांचा तरी असतो. झोपाळ्याची पाटी मोठ्यांच्या कमरेएवढी उंच. घसरगुंडीच्या दोन पायऱ्यांमधले अंतर बायच्या गुडघ्याच्या वर. पत्र्याची घसरगुंडी दुपारी तापते ती संध्याकाळपर्यंत निवत नाही. दीड वर्षाचे मूल जेमतेम ८० सेंटिमीटर उंच असते, ते झोपाळ्याच्या बरोबर वाटेत येते आणि त्याचे डोके झोपाळ्याच्या पाटीच्या बरोबर उंचीवर येते! त्यामुळे अशा बागेत लहान मुलाचे आईबाप काय करतात ते पाहा. मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्यांची मुले खेळताना दाखवतात. "बघ, दादा कसा झोपाळ्यावर!" बाय दादाला बघते, आणि मग पायाशी पडलेली शेंग उचलायला खाली वाकते. तिला शेंगच हवी असते. पर्जन्यवृक्षाची ती काळी, चिकट, गोडसर वासाची शेंग. ती वाजते.

त्याच बाजूला कला अकादमी आहे. चार्ल्स कोरिया यांची ही इमारत आमच्या पिढीने नाटकांसाठी आणि भजनी स्पर्धांसाठी पाहिली. पण रस्त्याकडून आत शिरून थेट नदीपर्यंत चालत जाता यावे, वर मांडव, बाजूला हवा खेळती, हे काही नाटकवाल्यांपुरते केलेले नाही. दुरुस्तीसाठी २०२१ पासून बंद होती ती २०२३ च्या नोव्हेंबरात उघडली. त्या मोकळ्या मांडवाखाली बाय ज्या तऱ्हेने सुटली ते पाहून मला कोरियांचे 'द न्यू लँडस्केप' हे पुस्तक आठवले. ते १९८५ सालचे. सिकंदराबादला जन्मलेला हा मूळचा गोव्याचा माणूस. आपल्या हवेत उघड्या आभाळाखालची जागा ही सुद्धा एक खोलीच असते, तीत माणूस दिवसाचा कितीतरी वेळ राहतो, असे ते म्हणत. माणसाला घर म्हणून जी जागा लागते तिचे त्यांनी चार थर सांगितले आहेत. पहिला घराच्या आतला, स्वयंपाकाचा नि झोपण्याचा. दुसरा उंबऱ्यालगतचा, जिथे मुले खेळतात आणि शेजारणीशी बोलणे होते. तिसरा पाणवठ्यासारखा, वस्तीने एकत्र येण्याचा. चौथा मैदानाचा, सगळ्या शहराचा.

हे वाचून माझे डोके एकदम लख्ख झाले. पणजीत पहिला थर आहे, कर्ज काढून घेतलेला. चौथा तर भरपूर आहे, आझाद मैदानापासून मिरामारपर्यंत. बायला हवा होता दुसरा. आणि तो मी चौथ्यात शोधत होतो! बागेत 'जायचे' असते. त्यासाठी कपडे बदलायचे, पाण्याची बाटली, लंगोट, रुमाल, स्कूटरची चावी. अंगणात कुणी 'जात' नाही. अंगणात माणूस असतो.

माझ्यासारखी पदवी घेतलेल्याला अशा वेळी शब्दांची व्युत्पत्ती आठवते, तेवढाच कला शाखेचा उपयोग. सरकारी कागदांत मी हजारदा लिहिलेला 'अंगणवाडी' हा शब्द पाहा. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून तो देशभर झाला. पण त्यामागची कल्पना आपल्या मराठी बाईची. ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात आल्या, १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. ज्या जागेत मूल आधीपासूनच आहे तिथे आपण जायचे. किती सोपे! आता अंगणवाड्या भाड्याच्या खोल्यांत भरतात आणि नाव तेवढे अंगणाचे राहिले, तो भाग वेगळा.

असो. शोधाकडे वळतो, कारण पावसाळ्याचे चार महिने अजून सांगायचे आहेत. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत बाग, वाळू, मांडव सगळे बाद. एका मॉलमध्ये प्लास्टिकच्या चेंडूंचे कुंड आहे, तासाला पैसे मोजून मूल आत सोडायचे. एकदा गेलो. गाण्याचा आवाज एवढा की बाय चेंडूंत बसून कानांवर हात ठेवून राहिली. त्यापेक्षा महालक्ष्मीचे देऊळ बरे. दादा वैद्य रस्त्यावरच्या या देवळाचा सभामंडप पावसाळी संध्याकाळी गार, कोरडा आणि प्रशस्त असतो. फरशी स्वच्छ, चपला बाहेर, वाहन येण्याची भीती नाही. प्रदक्षिणेला जाणाऱ्या बायका जाता जाता गालाला हात लावून जातात. बाय त्यांच्या मागोमाग जाते, देवीला आपोआप प्रदक्षिणा घडते. कुणी रागावत नाही, फक्त आरतीच्या वेळी उचलून घ्यावे लागते कारण घंटा ऐकली की ती नाचते.

दुसरी जागा पाटोवरची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय, आता कृष्णदास शामाचे नाव मिरवणारे. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. बायचे वय वाचायचे नाही, पुस्तक खायचे आहे. पण खालच्या फळीवरची पुस्तके एकेक काढून जमिनीवर रचणे हा एक तासाचा कार्यक्रम होतो, आणि पुन्हा फळीवर लावणे हा माझा. तिसरी 'जागा' ऐकून हसाल: बेतीची फेरीबोट. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. पणजीच्या धक्क्यावरून चढायचे, बेतीला उतरायचे नाही, त्याच बोटीने परत. लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून बाय उभी राहते आणि पायाखालची थरथर तिला पोटापर्यंत जाणवते, हे तिच्या तोंडावर दिसते. हा खेळ म्हणावा की नाही माहीत नाही. मात्र मी तिला पट्ट्यासारखा घट्ट धरून असतो, ते सोडून चालत नाही.

मिरामार मी मुद्दाम शेवटी ठेवले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीजवळून आत गेले, सुरूची झाडे ओलांडली की समोर एवढी वाळू की दोन वर्षांच्या मुलाला आयुष्यभर पुरावी. ओहोटीला पाण्याजवळची वाळू घट्ट असते, तिथे पावले नीट उमटतात. बायला आपल्या पावलाचा ठसा आपलाच आहे हे जिथे कळले ती जागा म्हणजे मिरामार. ती ठशात पुन्हा पाय ठेवून बघत होती, बसतो का. वाळू खाल्लीच. बायको म्हणाली, हात धुव. मला माशेलचा चिखलकाला आठवला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर मोठमोठे बाप्ये अंगाला तेल लावून चिखलात लोळतात, लहानपणीचे खेळ खेळतात, आणि पेपरात फोटो येतात. तिथे देव कृष्ण एकटा नाही, आईसह आहे. तिच्या पोराने माती खाल्ल्याची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. आणि आपल्या पोराने खाल्ली की सॅनिटायझर शोधतो!

मातीवरून आणखी एक सांगतो. सांतिनेजच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी बिल्डिंग उभी राहते आहे. रस्त्याच्या कडेला वाळूचा ढीग. त्यावर कामावरच्या कानडी बायकांची तीन-चार मुले दिवसभर खेळतात. चढतात, घसरतात, भोके पाडतात, डब्यात वाळू भरतात नि ओततात. खेळ म्हणून पाहिले तर पणजीतली सगळ्यात उत्तम बालक्रीडेची जागा तीच. पण वर पहाड, बांबूंचे, आणि मागून काँक्रीटचा ट्रक रिव्हर्स येतो. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा होता, पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर मालकाने मुलांसाठी खोली द्यायची. आमच्या गल्लीतल्या कामावर सात-आठ बायका. तो कायदा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. बाय त्या ढिगाकडे हात करून ओरडते. मी एकदोनदा तिला घेऊन ढिगाच्या कडेला बसलो. मोठ्या मुलीने, असेल पाच वर्षांची, बायच्या हातात आपला डबा दिला आणि वाळू कशी ओतायची ते दाखवले. बाय तिच्याकडून कानडीतला एक शब्द शिकली आहे, 'बा'. ये म्हणायला. आता ती कावळ्यालाही 'बा' म्हणते.

त्या ढिगाने मला आमच्या बिल्डिंगकडे बघायला लावले. आमच्याकडे खाली स्टिल्ट आहे. खांब, वर स्लॅब, म्हणजे सावली आणि पावसात कोरडे. मागच्या भिंतीलगत दोन गाड्यांची जागा 'व्हिजिटर' म्हणून राखलेली, तिच्यापुढे आंब्याचे एक झाड आणि हात-दोन हात माती. तळमजल्यावर एक म्हातारी बाई राहते, किरिस्तांव, तिची बाल्कनी नेमकी त्या बाजूला. घरातून खाली उतरायला दीड मिनिट. सगळे होते. फक्त गाड्या होत्या. नोव्हेंबरात एकदा एक गाडी मागे येत होती आणि बाय तिच्या मागे, खांबाच्या आड. चालवणाऱ्याला मागच्या काचेतून ८० सेंटिमीटरचे माणूस दिसणे शक्यच नव्हते. म्हातारीने बाल्कनीतून आरोळी ठोकली, "राव रे!" गाडी थांबली. चालवणारा उतरला आणि पांढरा फटक पडून पायरीवर बसला. त्याच्याही घरी नातू आहे.

त्यानंतरच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडला: मागच्या दोन जागा रोज संध्याकाळी पाच ते आठ मोकळ्या ठेवाव्या. वाद झाला. एक म्हणाले, पार्किंगचे पैसे भरून फ्लॅट घेतलेत. मी म्हटले, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा, असा निवाडा दिलेला आहे. (तो महाराष्ट्राच्या फ्लॅट कायद्याखालचा, हेही लगेच सांगितले. आपण सरकारी माणूस, अर्धवट वाचून दाखवणे बरे नव्हे.) दुसरे म्हणाले, मुले आली की आवाज येणार, भिंतींवर हात लागणार. कुणी म्हणाले, समोर एवढे कांपाल पडले आहे! तेव्हा ती म्हातारी, जी मीटिंगला कधी येत नाही ती, दारातून म्हणाली, "भुरगीं खेळनात जाल्यार हांवें बाल्कांवार बसून कितें पळोवप? गाडयो?"

ठराव बहुमताने नाही, कंटाळ्याने संमत झाला. साडेनऊ वाजले होते, सगळ्यांना जेवायचे होते.

चुन्याने नव्हे, पिवळ्या ऑइलपेंटने रेघ मारली. तोंडाशी सिमेंटच्या चार कुंड्या ठेवल्या, एक झेंडूची, तीन रिकाम्या. पहिल्या आठवड्यात बाय एकटीच असायची. मग दुसऱ्या मजल्यावरचा दहा महिन्यांचा एक मुलगा रांगायला येऊ लागला, त्याची आई चटई आणते. मग समोरच्या बिल्डिंगमधली जुळी. वाळूच्या ढिगावरची ती मोठी मुलगी एक दिवस कुंडीपाशी येऊन उभी राहिली. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले, मी बायकडे पाहिले, बाय म्हणाली "बा". सेक्रेटरी वर निघून गेले. ती आता येते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. यावर पुढच्या मीटिंगमध्ये बोलणे होणार आहे असे कानावर आले आहे. होऊ दे, मीही निवाडे वाचून ठेवतो आहे. संध्याकाळी सात वाजता तिथे पाच मुले, तीन आया, एक बाप आणि बाल्कनीत म्हातारी असते. मी पेपर घेऊन जातो. खेळणी म्हणून कुणी काही विकत आणलेले नाही. आंब्याची पडलेली पाने, पर्जन्यवृक्षाच्या शेंगा (कांपालहून खिशात भरून आणलेल्या), नारळाच्या दोन करवंट्या आणि कुणाचा तरी जुना कुकरचा डबा. पिवळी रेघ गाड्यांसाठी मारली होती, मुले तिच्यावरून एका मागोमाग चालतात. बायला रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चोवीस पावले भरते.

एप्रिलच्या शेवटी आई आठ दिवसांसाठी आली. मे महिन्याची मुदत तिच्या लक्षात होती. पहिल्याच संध्याकाळी तिला खाली नेले. तिने आधी खांब पाहिले, मग वरचा स्लॅब पाहिला, आभाळ कुठे दिसते का ते वाकून पाहिले. आंब्याला हात लावून म्हणाली, रायवळ असणार. मग चटईच्या कडेला बसली आणि दहा महिन्यांच्या त्या मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या आईला विचारू लागली की दात कधी आले. तासाभराने बाय रेघेवरून चालत तिच्यापर्यंत आली आणि तिच्या हातात एक शेंग देऊन परत गेली. वर येताना जिन्यात आई थांबली, गुडघ्यावर हात ठेवून. मला वाटले दम लागला. ती म्हणाली, "हांगा सारोवपाक शेण खंय मेळटलें रे?"

बायला गावी ठेवण्याबद्दल नंतर कुणी बोलले नाही. जाताना आई चुडतांचा एक लहान केरसुणा वळून ठेवून गेली, बायच्या उंचीचा. आता जून आला आहे. पहिल्या सरीत मागच्या भिंतीकडून थोडे पाणी आत येते असे दिसले, तिथे दोन विटांचा बांध घालायला गवंड्याला सांगितले आहे. रविवारी येतो म्हणाला.